आज दुपारी दोनपर्यंत

'अति तातडीचे. सर्व मुख्याध्यापकांनी सोबतच्या लिंकमधील माहिती आज दुपारी 2.00 वाजेपर्यंत न चुकता भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक असे कळवावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' मजकुरामागे तीन लाल घंटा, जोडलेले दोन हात, आणि कोपऱ्यात मेसेज आल्याची वेळ : 1.47.

ज्यांच्या घरात जिल्हा परिषदेचे गुरुजी किंवा बाई आहेत, ते एव्हाना पुढच्या पानावर गेले असतील. त्यांना हे रोजचंच. बाकीच्यांना वाटेल, कुठे धरण फुटलं की साथ आली? तसं काही नसतं. शाळेतल्या हात धुण्याच्या नळांची संख्या हवी असते. एकूण किती, चालू किती, बंद किती, तोटी असलेले किती आणि तोटी गेलेले किती. नळ मागच्या वर्षीही तेवढेच होते. मागच्या वर्षीही ते दुपारी दोनपर्यंतच मोजले होते.

हिंजवडीत संगणकासमोर बसणाऱ्या मंडळींचा एक गोड गैरसमज आहे, की 'डेडलाइन' आणि 'बर्नआउट' ही त्यांची वडिलोपार्जित इस्टेट आहे. त्यांनी चार दिवस रजा टाकून तालुक्याच्या एखाद्या पाच शिक्षकी शाळेत येऊन बसावं. त्यांची डेडलाइन कितीही जुलमी असली, तरी ती निदान पुढे असते. आमच्या गुरुजींची पुष्कळदा मागे असते. 'ज्या शाळांनी काल सायंकाळपर्यंत माहिती भरलेली नाही त्यांची यादी' हा मेसेज आधी येतो, माहितीची लिंक नंतर येते, आणि लिंक उघडण्याची परवानगी त्याहून नंतर.

अशी मुदत जन्माला कशी येते, हा अभ्यासाचा विषय आहे. वरून निघताना ती चांगली धडधाकट असते. समजा, वरच्या साहेबांनी पंधरा दिवस दिले. जिल्ह्याचे साहेब म्हणतात, ऐनवेळी फजिती नको. ते आठ करतात. त्या आठातले तीन दिवस ईमेल उघडायची राहते, कारण डेटा ऑपरेटर रजेवर आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात. तालुक्याला उरतात पाच. गटशिक्षणाधिकारी आपल्या हाताशी तीन ठेवून केंद्रप्रमुखांना सांगतात, 'उद्यापर्यंत'. केंद्रप्रमुखांकडे शेजारच्या केंद्राचाही अतिरिक्त कार्यभार. ते सकाळपासून तिकडच्या बैठकीत. दुपारी डबा उघडताना त्यांना आठवतं, आणि एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पाच शाळा, दहा शाळा, जेवढ्या असतील तेवढ्या शाळांच्या खिशात एकाच वेळी घंटा वाजते. कालव्याच्या आवर्तनाचं जे होतं तेच इथे वेळेचं होतं : हेडवाल्याचा ऊस डोलतो आणि टेलच्या शेतकऱ्याने ओली वाळू बघून समाधान मानायचं.

माहिती उलट वर जाताना मात्र कुणाला घाई नसते. दोनच्या ठोक्याला भरलेला तक्ता तालुक्यात संकलनासाठी थांबतो, जिल्ह्यात पडताळणीसाठी थांबतो आणि त्याही वर गेल्यावर, रकाने बदलल्यामुळे, नव्याने भरण्यासाठी खाली येतो. पुन्हा दुपारी दोनपर्यंत.

शासन स्वतः काळाकडे किती उदार नजरेने बघतं, हे यात विसरू नये. 2021 ची जनगणना आता 2027 मध्ये व्हायची आहे. सहा वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून कुणाला कारणे दाखवा नोटीस निघाल्याचं ऐकिवात नाही. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली. निवडणुका चार महिन्यांत उरका, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितलं; ते चार महिने पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंत लांबले. म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने घातलेली मुदत ताणता येते. केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची मात्र नाही.

अपवाद सांगायचा तर 2024 च्या जानेवारीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या घरोघरच्या सर्वेक्षणाचा. अख्ख्या राज्यातली घरं, दीडशेहून अधिक प्रश्न, आणि मुदत 23 ते 31 जानेवारी. पहिल्याच दिवशी ॲप अडखळलं. प्रगणक दारात, घरधनी ओट्यावर, आणि दोघांच्या मध्ये गोल फिरणारं चक्र. अखेर मुदत 2 फेब्रुवारीपर्यंत वाढली. सर्व्हर थकला की मुदत वाढते, हा धडा त्यातून मिळाला. माणूस थकला की वाढते का, याचा प्रयोग अजून व्हायचा आहे.

आता जरा शाळेत येऊ. पहिली ते सातवी, सात वर्ग, पाच शिक्षक. पैकी एक तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले. एक मतदार यादीचं काम बघतात, त्यांना तहसीलमधून बोलावणं आलेलं. उरले तिघे, त्यात मुख्याध्यापक बाई. परिपाठ झाला की चॅटबॉटवर हजेरी. मग पोषण आहाराची नोंद : आज किती जेवणार, तांदूळ किती शिजवला, शिल्लक किती, आणि चव कोणी घेतली त्याची सही. मग गणित. तिसरीची पोरं हातच्याची वजाबाकी शिकत असतात. बाईंनी फळ्यावर 402 लिहून खाली 178 मांडलेले, मधल्या शून्याकडून उसनं कसं घ्यायचं हा पेच वर्गात रंगात आलेला, आणि तेवढ्यात घंटा वाजते. खिशातली. बाई नळ मोजायला जातात. पोरं शून्याकडे बघत बसतात. वजाबाकी पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते. ती कशी चालली आहे हे विचारणारा मेसेज मात्र कधीच येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नव्हे, असं संघटना म्हणते. कामाच्या ठिकाणचा, बराच काळ चाललेला आणि नीट न हाताळलेला ताण त्याच्या मुळाशी असतो. लक्षणं तीन. पहिलं, अंगातलं त्राण जाणं. दुसरं, कामापासून मन तुटणं, कामाकडे कडवटपणे बघणं. तिसरं, हातून होणारं काम उणावणं. शिक्षकखोलीत ही तिन्ही लक्षणं हजेरीपटावर सापडतात. एक सर संध्याकाळी मोटारसायकलला किक मारण्याआधी पाच मिनिटं नुसतेच तिच्यावर बसून राहतात. दुसऱ्या बाई कोणताही तक्ता आला की म्हणतात, 'मागच्या वर्षीच्या आकड्यात दोन मिळवा आणि द्या पाठवून.' आणि ज्या सरांच्या वर्गातली पोरं एकेकाळी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतून ढाल घेऊन यायची, ते आता पुस्तक उघडून 'वाचा रे एकेकाने' म्हणतात. संघटनेने आपली माणसं इकडे पाठवली असती तर चौथं लक्षणही मिळालं असतं : फोन वाजलेला नसताना हात खिशाकडे जाणं.

हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये यावर लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर होते मोफत दवाखान्यांतले स्वयंसेवक. हौसेने, पदरमोड करून आलेले लोक. कामचुकार माणसाला हे सहसा होत नाही. ज्याने दोन मिळवून पाठवायला पहिल्या वर्षीच सुरुवात केली, तो निवृत्त होईपर्यंत ठणठणीत राहतो. जळतो तो खरोखर नळ मोजायला जाणारा.

आणि जे पाठवलं जातं त्याची तरी काय कथा! केंद्रातल्या सगळ्या शाळांना एकच गूगल शीट दिलेली असते. एकाच वेळी दहा-बारा जण त्यात उतरतात. कुणीतरी आपलं गाव चटकन सापडावं म्हणून एकच रकाना सॉर्ट करतो, आणि एका शाळेच्या मुली दुसऱ्या शाळेत, दुसरीची शौचालयं तिसऱ्या गावात स्थलांतरित होतात. दोनला पाच मिनिटं कमी असतात. दुरुस्त कोण करणार? शीट भरलेली दिसते, हिरवी दिसते, केंद्र 'शंभर टक्के' होतं, ग्रुपवर टाळ्या वाजतात. या आकड्यांवर पुढे कुणी नळाच्या तोट्या पाठवल्याच, तर त्या भलत्याच गावात जातील एवढंच. पण तोट्या येत नसल्यामुळे ही चूक आजवर उघडकीस आलेली नाही.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर कोणत्याही शिक्षणबाह्य कामाला शिक्षकांना लावू नये. कायदा 2009 चा. 2024 मध्ये राज्य शासनाने शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याची वर्गवारीही जाहीर केली. वर्गवारी उत्तम झाली. आता एखादं काम अशैक्षणिक आहे हे शिक्षकाला ते करता करता नेमकं कळतं.

तर अशा वेळी, पाच माणसांची तुकडी जळत असताना, तिच्या म्होरक्याने काय करावं? विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात यावर कपाट भरून पुस्तकं मिळतात. पण त्यांतल्या एकाही लेखकाने तांदळाच्या शिल्लक साठ्याचा मेळ घातलेला दिसत नाही. म्हणून आम्ही आमच्या पाहण्यातल्या मुख्याध्यापकांचे तीन प्रकार सांगतो.

पहिला पोस्टमन. वरचा मेसेज जसाच्या तसा खाली पाठवायचा. स्वतःची भर म्हणून तीनाच्या पाच घंटा करायच्या. याचा फोन नेहमी चार्ज असतो आणि वर्ग नेहमी मोकाट. वरिष्ठांचा लाडका. 'सरांचं काम वेळेत असतं,' असं त्याच्याबद्दल आढावा बैठकीत म्हणतात. त्याच्या शाळेतून बदली मागणाऱ्यांची संख्या कोणत्याही तक्त्यात विचारत नाहीत.

दुसरा हुतात्मा. 'तुम्ही शिकवा, मी बघतो,' असं सहकाऱ्यांना म्हणतो आणि रात्री अकराला, रेंज मिळावी म्हणून गच्चीवर उभा राहून, सगळ्या लिंका एकटा भरतो. सहकारी त्याला देवमाणूस म्हणतात. दोन वर्षांत रक्तदाबाची गोळी सुरू होते, तिसऱ्या वर्षी वैद्यकीय रजा. देवमाणूस रजेवर गेला की कळतं, सगळे पासवर्ड त्याच्याबरोबर गेले. चांगुलपणाने हा माणूस वरच्यांना एक खोटी गोष्ट शिकवून जातो : दोनपर्यंत होऊ शकतं.

तिसरा प्रकार दुर्मीळ. आमच्या माहितीत अशा एक बाई आहेत. नाव सांगत नाही, त्यांची सेवा अजून बरीच शिल्लक आहे. त्यांनी पहिल्यांदा एक जाड वही घातली. वर्षभर आलेले मेसेज चाळल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या लिंकांवर, त्याच त्या तीस-चाळीस गोष्टी फिरून फिरून विचारल्या जातात. त्या वहीत उतरल्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती वही अद्ययावत होते. नळाला तोटी नसेल तर तशी नोंद, तारखेसह. मग माहिती भरण्याची पाळी लावली : आठवड्याला एक माणूस. बाकीच्यांचे फोन मधल्या सुट्टीपर्यंत कपाटात. पहिल्या आठवड्यात एका सरांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्या आठवड्यात ते फळ्यावर चित्रं काढू लागले.

पण बाईंची खरी करामत एका वाक्यात आहे. दीड-पावणेदोनला मेसेज आला की त्या उत्तर टाकतात : 'माहिती तपासून गुरुवारी सादर करते. आज 2.00 पर्यंत दिल्यास ती अंदाजे असेल. अंदाजे माहिती चालणार असल्यास कृपया तसे लेखी कळवावे, ही विनंती.'

अंदाजे चालेल, असं लिहून देणारा अधिकारी महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. ग्रुपवर शांतता पसरते. गुरुवारी माहिती जाते, आणि बहुतेक वेळा शीट तेव्हाही उघडीच असते. मध्यंतरी रकाने बदललेले असतात, त्यामुळे दोनला भरणाऱ्या शाळांनी ती दोनदा भरलेली असते. बाईंनी एकदाच.

फुकट मात्र यातलं काही पडलेलं नाही. यादीत बाईंच्या शाळेचं नाव लाल रंगात येतं. आढावा बैठकीत त्यांना उभं केलं जातं. 'विहित मुदतीत माहिती सादर न केल्याबाबत आपला खुलासा 24 तासांत सादर करावा,' अशी नोटीसही एकदा आली. बाईंनी खुलासा दिला : मेसेज मिळाल्याची वेळ, मुदतीची वेळ, दोहोंमधलं अंतर तेरा मिनिटं, त्या वेळी वर्गात हजर मुलं आणि चालू असलेला पाठ. खाली सही. खुलासा फाइलला लागला. कुणी वाचला असेल असं नाही, पण नोटीसही दुसरी आली नाही. बैठकीतून परतल्यावर ओरडा काय बसला हे त्या शाळेत सांगत नाहीत. वरून आलेला ओरडा आपल्यापाशी थांबवायचा आणि खालून आलेला खरा आकडाच वर पाठवायचा, एवढंच त्यांचं नेतृत्व. त्यासाठी त्या कुठल्या शिबिराला गेलेल्या नाहीत.

बाई घड्याळाच्या वैरी आहेत, असंही नव्हे. नवोदयच्या अर्जाची शेवटची तारीख असली, शिष्यवृत्तीसाठी एखाद्या पोराचं बँक खातं आधारशी जोडायचं राहिलं असलं, तर त्या रात्री आठपर्यंत पालकासोबत सेवा केंद्राच्या बाकावर बसतात. ओढ्याला पाणी आलं तर कोणत्या वस्तीवरची पोरं घरी पोचली, हे त्या मेसेजची वाट न बघता कळवतात. तातडीचं काय आणि नुसतं गलक्याचं काय, एवढा भेद त्यांना कळतो. तो कळण्यासाठी घंटा मोजाव्या लागत नाहीत. उशीर झाला तर नुकसान मुलाचं की साहेबाच्या टक्केवारीचं, एवढं विचारलं की पुरतं.

तालुक्याच्या कार्यालयातल्या बाबूंनाही फार बोल लावण्यात अर्थ नाही. दोन पदं रिकामी, तिसऱ्या टेबलावर हा एकटा. अधिवेशन सुरू झालं की तारांकित प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मंत्रालयाला कालच हवं असतं. तोही टेलचाच शेतकरी. फक्त त्याच्या खाली अजून एक टेल आहे, एवढाच त्याला दिलासा.

शिक्षकांच्या या थकव्याची उद्या वरच्या पातळीवर दखल घेतलीच गेली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. परिपत्रक निघेल : 'शिक्षकांमधील ताणतणाव निर्मूलन अभियान'. ऑनलाइन कार्यशाळा, वेळ दुपारी 12, लिंक 11.50 ला. उपस्थिती बंधनकारक. दीर्घ श्वसनाचे जिओ टॅग केलेले दोन फोटो, एक श्वास घेतानाचा आणि एक सोडतानाचा, आजच अपलोड करावेत. ताणमुक्त झालेल्या शिक्षकांची पुरुष, महिला आणि प्रवर्गनिहाय संख्या सोबतच्या तक्त्यात भरावी. ताण निरंक असल्यास निरंक असे कळवावे. आणि संध्याकाळी पहिला तालुका 'शंभर टक्के ताणमुक्त' घोषित होईल.

हे होण्याआधी, पालकहो, तुम्हालाच दोन शब्द. एरवी शाळेत डोकावताना बाईंच्या हातात फोन दिसला की तुम्ही म्हणता, 'पगार घेतात आणि मोबाइल बघतात.' पुढच्या वेळी, त्या काय बघताहेत ते विचारा. माहितीच्या अधिकारात तुम्ही शासनाला एक कागद मागितला तर कायद्याने त्याला 30 दिवस मिळतात. ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, त्यानुसार सरकारी टेबलावर फाइल साधारणपणे सात कामाचे दिवस राहू शकते. तुमच्या मुलाच्या शिक्षिकेला मिळतात तेरा मिनिटं, आणि तीही तुमच्या मुलाच्या तासातली.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सह्यांपुरते नव्हे, कायद्याने असतात. पुढच्या बैठकीत एक साधा ठराव घ्या : शाळेच्या वेळेत आलेल्या माहितीच्या मागणीला शाळा सुटल्यावरच उत्तर दिलं जाईल, आणि मागणी करणाऱ्याने ती मूळ कुठून, कोणत्या तारखेला निघाली आणि मधल्या कोणी किती दिवस कापले, हे सोबत लिहावं. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या, आणि उत्तरासाठी मुदत घाला. दुपारी दोनची नको. सात कामाच्या दिवसांची घाला. तेवढी त्यांना कायद्यानेच दिलेली आहे.